शेगडी सुरू झाली, दोष मात्र तसाच राहिला

इंडक्शन शेगडी आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. सिलिंडर संपला की ती लागते, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्यांना ती लागते, आणि चहाच्या टपरीवरही ती दिसू लागली आहे. तिच्यामागोमाग एक धंदाही आला. पूर्वी रेडिओ, टेप आणि टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांच्या टेबलावर आज चार-पाच इंडक्शन शेगड्या उघड्या पडलेल्या असतात. आमच्या कित्येक वाचकांची घरे या कामावर चालतात, म्हणूनच या धंद्याला लागलेल्या एका वाईट खोडीबद्दल आम्हाला स्पष्ट लिहायचे आहे. जळालेला पार्ट बदलायचा आणि तो का जळाला हे पाहायचेच नाही, अशी ती खोड आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरची शेगडी बंद पडली. दुधाचे पातेले ठेवले, बटण दाबले, आत 'फट्' असा आवाज झाला आणि घराचा एमसीबी पडला. शेगडी जवळच्या दुकानात नेली. दुकानातील मुलाने पंधरा मिनिटांत सांगितले, "आयजीबीटी गेलाय साहेब, फ्यूज पण गेलाय. साडेचारशे होतील." आम्ही दिले. शेगडी सुरू झाली आणि चौथ्या दिवशी पुन्हा तोच आवाज आला. मुलगा ओशाळला, "आता फक्त पार्टचे घेतो," म्हणून अडीचशे घेतले. या खेपेला सहा दिवस चालली. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा उत्तर तयार होते, "बोर्डच खराब आहे, नवीन टाकावा लागेल." कंपनीच्या सेवा केंद्राला फोन केला. तिथेही बोर्ड बदलण्याशिवाय दुसरी भाषा नव्हती. बोर्डाची किंमत आणि माणूस घरी येण्याचा आकार धरला तर हिशेब नव्या शेगडीच्या पाऊण किमतीपर्यंत जात होता. सातशे रुपये आधीच गेले होते आणि आमच्या शेगडीला नेमके झाले काय, हे तोवर एकानेही सांगितले नव्हते.

शेवटी बाजारातल्या एका जुन्या कारागिराकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. व्हॉल्वच्या रेडिओपासून त्यांचे काम सुरू झाले. त्यांनी शेगडी उघडलीच नाही, आधी प्रश्न विचारले. कोणत्या सॉकेटवर लावता? भांडे कुठले? बंद पडण्याआधी कधी मधेच थांबून परत सुरू व्हायची का? पंख्याचा आवाज येत होता का? आम्हाला हे डॉक्टरांकडे गेल्यासारखे वाटले. मग म्हणाले, "आयजीबीटी आपणहून मरत नाही. त्याला कोणीतरी मारतं. तो सापडेपर्यंत मी नवा लावणार नाही. तपासायचे शंभर रुपये होतील, दुरुस्त झाली नाही तरी."

कबूल करतो, शेवटचे वाक्य ऐकून आम्हालाही क्षणभर वाईट वाटले. न दुरुस्त होणाऱ्या वस्तूचे पैसे कशाला द्यायचे? हा प्रश्न पुढे घेऊ. आधी चाचांनी काय केले ते सांगतो, कारण या कामात पडणाऱ्या तरुणांना ते उपयोगी पडेल.

इंडक्शन शेगडीत विस्तव नसतो. घरात येणारी २३० व्होल्टची वीज आत ब्रिज रेक्टिफायरमधून डीसी होते आणि तिचा माथा सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जातो. ही वीज काचेखालच्या तांब्याच्या वेटोळ्यात, म्हणजे कॉइलमध्ये, सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा सोडायची आणि तोडायची असते. ही उघडझाप करणारा स्विच म्हणजे आयजीबीटी. कॉइलला एक कंडेन्सर जोडलेला असतो, बहुधा ०.२७ ते ०.३३ मायक्रोफॅरडचा आणि १२०० व्होल्टचा. आयजीबीटी बंद झाला की कॉइलमध्ये साठलेली शक्ती या कंडेन्सरमध्ये जाते, तिथून परत कॉइलमध्ये येते, आणि या झोक्यात भांड्याचा लोखंडी तळ तापतो. झोक्याच्या टोकाला आयजीबीटीवर शेकडो व्होल्टचा ताण येतो. बाजारात सर्रास मिळणारा एच-२०-आर-१२०३ घेतला तर तो १२०० व्होल्ट आणि २० अँपिअरचा आहे. ताण त्याहून वर गेला की खेळ संपला.

आता हाच कंडेन्सर कालांतराने झिजतो असे समजा. छापलेले ०.३ असते, पण प्रत्यक्षात ०.२२ उरलेले असते. शक्ती तेवढीच, ती साठवायला भांडे मात्र लहान. मग व्होल्टेज वर चढते आणि त्याचा पहिला बळी आयजीबीटी ठरतो. आमच्या शेगडीत नेमके हेच झाले होते. चाचांनी कंडेन्सर बोर्डावरून काढला, मीटरवर लावला आणि आकडा आमच्याकडे फिरवला. पहिल्या दुकानातल्या मुलाने दोन वेळा नवा आयजीबीटी टाकला आणि दोन्ही वेळा तो त्याच कंडेन्सरच्या तोंडी दिला. कंडेन्सर होता चाळीस रुपयांचा.

दोष दर वेळी तिथेच असतो असे मात्र नाही. चाचांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांना जास्त त्रास मोठ्या आकड्याच्या रेझिस्टन्सचा होतो, म्हणजे दोनशे-तीनशे किलोओहमच्या पुढच्या. कॉइलवरचे व्होल्टेज केव्हा खाली आले, हे कंट्रोल सर्किटला या रेझिस्टन्समधूनच कळते. त्यातला एक जरी वाढला किंवा तुटला तरी आयजीबीटी चुकीच्या क्षणी उघडतो, तापतो आणि जातो. वरून पाहिले तर रेझिस्टन्स अगदी नवा दिसतो, रंगाचे पट्टेसुद्धा शाबूत. एक पाय सोडवून मापल्याशिवाय काही कळत नाही, आणि सोडवायला वेळ लागतो, म्हणून सोडवला जात नाही. तिसरा चोर म्हणजे गेटला सिग्नल देणारी छोट्या ट्रान्झिस्टरची जोडी. तीच शॉर्ट असेल आणि गेटवर सतत व्होल्टेज राहत असेल, तर नवा आयजीबीटी वीज देताच जातो. चौथे कारण फारच साधे आहे. पंखा जाम झालेला असतो, किंवा आयजीबीटी आणि हीटसिंकच्या मधली पेस्ट सुकलेली असते.

म्हणून चाचा आधी आयजीबीटी न लावता बोर्डाला वीज देतात. १८ व्होल्ट आणि ५ व्होल्ट बरोबर येतात का ते पाहतात. बटण न दाबता गेटच्या जागी शून्य आहे का ते पाहतात. त्यानंतरच आयजीबीटी बसतो, आणि तोही थेट लाइनवर नाही. शंभर वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावून वीज दिली जाते. बल्ब भक्कन पेटून तसाच राहिला तर शॉर्ट अजून आहे, आणि पार्ट वाचलेला असतो. बल्ब क्षणभर चमकून विझला आणि शेगडीवर आकडे आले, तर पुढे जायला हरकत नाही. यासाठी तारेचाच जुना बल्ब हवा, एलईडीने हे काम होत नाही. गंमत अशी की तो बल्ब आता शोधावा लागतो. चाचांनी बारा बल्ब कपाटात जपून ठेवले आहेत.

इथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. या शेगडीचे बोर्ड लाइनपासून वेगळे केलेले नसते. ज्याला आपण पाच व्होल्टची बाजू म्हणतो तीदेखील घरच्या विजेशी जोडलेली असते आणि झटका तितकाच जबर बसतो. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज राहू शकते, ती बल्बमधून उतरवून मगच हात घालायचा. घरच्या माणसांनी तर झाकण उघडूच नये.

घरच्यांनी काय पाहायचे, तेही सांगतो. भांड्याच्या तळाला लोहचुंबक चिकटतो का? न चिकटणाऱ्या भांड्यावर शेगडी पीं-पीं करून थांबते आणि लोक ती दुकानात घेऊन येतात. सॉकेट कुठले आहे? दोन हजार वॉटची शेगडी पावणेनऊ अँपिअरच्या आसपास वीज ओढते, आणि आपल्याकडे ती सहा अँपिअरच्या सॉकेटात मल्टिप्लग खोचून चालवतात. प्लग वितळलेला असतो आणि दोष शेगडीला दिला जातो. खालची जाळी तेलाने आणि धुळीने बुजली आहे का? शेगडीखाली वर्तमानपत्र किंवा प्लास्टिक अंथरले असेल तर पंखा तेच ओढून घेतो आणि हवा बंद होते. आणि झुरळे! ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. शेगडीच्या आत ऊब असते, स्वयंपाकघरात खायला असते. झुरळांची घाण बोर्डावर पसरते, पावसाळ्यात ती ओली होते, आणि जिथून वीज जायला नको तिथून जाऊ लागते. बटणे आपोआप दाबली जातात, आकडे वेडेवाकडे येतात. अशा किती शेगड्या ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने नुसत्या धुऊन सुरू होतात, हे कारागिरांना चांगले ठाऊक आहे. ग्राहकाला ते सांगितले जाते की नाही, हा वेगळा मुद्दा.

पडद्यावर येणाऱ्या 'ई'च्या आकड्यांवरही फार विसंबू नये. एका कंपनीत जो आकडा काचेखालचा सेन्सर तुटल्याचा असतो, तोच दुसरीकडे व्होल्टेज वाढल्याचा असू शकतो. शेगडीबरोबर आलेले छोटे पुस्तक आपण पहिल्याच दिवशी खोक्याबरोबर रद्दीत घालतो. ते जपून ठेवावे आणि दुरुस्तीला जाताना सोबत न्यावे.

आता धंद्याच्या सचोटीकडे वळू. विजेच्या प्रवेशाजवळ, फ्यूजच्या शेजारी, बोर्डावर एक गोल चकतीसारखा पार्ट असतो. त्याला एमओव्ही म्हणतात. खांबावरची न्यूट्रल तुटली की घरात चारशेच्या आसपास व्होल्टेज येऊ शकते. अशा वेळी ही चकती स्वतः फुटून फ्यूज उडवते आणि पुढचे बोर्ड वाचवते. काही दुकानांत फुटलेली चकती कापून टाकतात, नवी लावतच नाहीत, कारण ती नसली तरी शेगडी चालते. ग्राहक खूश होऊन जातो. पुढच्या वेळी मात्र त्या घरातली शेगडी पहारेकरी हाकलून दिलेल्या दुकानासारखी असते. याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे फ्यूजच्या जागी तार लावणे. चकती पाच-दहा रुपयांची आणि फ्यूज त्याहून स्वस्त. एवढ्यासाठी कुणाच्या स्वयंपाकघरात आगीचा धोका ठेवायचा, याला आम्ही दुरुस्ती म्हणायला तयार नाही. यात कारागिरांचा हातखंडा आहे असे कोणी म्हणत असेल तर त्या हातखंड्याची आम्हाला लाज वाटते.

तथापि सगळा दोष दुकानदारांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्या पहिल्या मुलाला आम्ही नंतर मुद्दाम भेटलो. तो म्हणाला, "साहेब, मी अर्धा तास मीटर लावून बसलो आणि शेवटी म्हटलं की होणार नाही, तर गिऱ्हाईक एक रुपया देत नाही. उलट म्हणतं, खराब करून ठेवली. आयजीबीटी बदलला की निदान मजुरी मिळते." त्याचे बोलणे खोटे नाही. आपण वैद्याला नाडी पाहण्याचे पैसे देतो, वकिलाला सल्ल्याचे देतो, आणि कारागिराने डोके चालवले तर त्याचे मोल शून्य धरतो. हातात नवा पार्ट दिसला तरच आपला खिसा उघडतो. मग तो पार्टच विकणार, यात नवल काय? म्हणून तपासणीचे पैसे वेगळे घ्यावेत आणि ग्राहकाने ते कुरकुर न करता द्यावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. शंभर रुपये फार वाटत असतील तर पन्नास घ्या, पण दुकानात पाटी लावून घ्या. त्या पैशांच्या बदल्यात ग्राहकाला दोषाचे नाव कळले पाहिजे, आणि ते पावतीवर लिहिलेले असले पाहिजे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथांमध्ये धरलेली आहे. आपल्या बाजारात मात्र पावती मागितली की, "एवढ्याशा कामाची कसली पावती?" असे ऐकावे लागते.

चाचांचा हिशेब असा झाला: तपासणी शंभर, कंडेन्सर चाळीस, आयजीबीटी एकशेवीस, मजुरी दोनशे. एकूण ४६० रुपये. आधीच्या दोन दुरुस्त्यांचे सातशे झाले होते हे वर सांगितलेच आहे.

कंपन्यांबद्दल आमची तक्रार याहून मोठी आहे. जुन्या रेडिओच्या आत किंवा सोबतच्या कागदात सर्किटचा नकाशा मिळत असे. आमच्या ओळखीचे कित्येक जण तो नकाशा पाहून हे काम शिकले. आज दीड-दोन हजारांच्या शेगडीचा नकाशा म्हणजे जणू सरकारी गुपित. काही बोर्डांवर तर आयसीचे नंबर खरवडलेले असतात. सुटे पार्ट विकायचे नाहीत, पूर्ण बोर्डच विकायचा, आणि त्याची किंमत अशी ठेवायची की ग्राहकाने कंटाळून नवी शेगडी घ्यावी. मग दुकानदार लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन मिळेल तो आयजीबीटी आणतो. त्यात जुने काढून, पुसून, वरून नवा नंबर छापलेले पार्टही येतात. एकाच नंबरचा पार्ट एका दुकानात दुप्पट भावाने आणि दुसरीकडे निम्म्याने मिळू लागला की नवख्याने आधी संशय घ्यावा, मग सौदा करावा.

सरकारचे लक्ष या प्रश्नाकडे गेलेले नाही असे नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यासाठी पोर्टलही उघडले. शेती अवजारे, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणे आणि वाहने हे चार विभाग त्यात धरले. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये वस्तू दुरुस्तीला किती सोपी आहे याचा निर्देशांक ठरवण्यासाठी दुसरी समिती आली आणि मे २०२५ मध्ये तिने अहवाल दिला. त्यात पहिला मान स्मार्टफोन आणि टॅबलेटला मिळाला. मोबाईल महाग असतो हे खरे, पण मोबाईल बंद पडला म्हणून कुणाच्या घरी चूल बंद राहत नाही. स्वयंपाकघरातल्या उपकरणांचा क्रम इतका मागे का, हे आमच्यासारख्या सामान्य ग्राहकाला समजत नाही. तसेच सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यात कुलपे दुरुस्त करणारा आहे, त्याचा आम्हाला आनंदच आहे. पण मीटर आणि सोल्डर घेऊन बसणारा कारागीर त्यात नाही. त्याची गणना ना जुन्या हुन्नरात होते, ना नव्या उद्योगात.

तेव्हा सरकार आणि कंपन्या जागे होईपर्यंत आपल्या हातात काय आहे ते पाहावे. कोणत्याही तालुक्याच्या बाजारात अशी सात-आठ दुकाने असतातच. आज ती एकमेकांपासून दोष लपवतात. कुठल्या कंपनीच्या बोर्डावर कुठला रेझिस्टन्स जातो, कुठल्या आकड्याचा अर्थ काय, हे प्रत्येकाच्या डोक्यात अर्धे अर्धे आहे. ही माहिती एका वहीत उतरवावी. ज्याने दोष शोधला त्याने तारीख, शेगडीचा मॉडेल नंबर, बोर्डावरचा नंबर, मापलेले आकडे आणि सापडलेले कारण लिहावे. दुसरे म्हणजे आयजीबीटी, कंडेन्सर आणि एमओव्ही या तीन वस्तू सर्वांनी मिळून एकाच भरवशाच्या व्यापाऱ्याकडून घाऊक आणाव्यात, म्हणजे बनावट मालाची भीती कमी होते आणि भावही पडतो. कंडेन्सर मोजणारा साधा मीटर ज्याच्याकडे नाही त्याने तो आधी घ्यावा, दुकानाचा बोर्ड नंतर रंगवावा. आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा अभ्यासक्रम झालेली मुले आपल्यात आहेत. त्यांना सहा महिने चाचांसारख्या कोणाजवळ बसवावे. मापन त्यांना येते, पण मापन करण्याआधी ग्राहकाला काय विचारायचे ते येत नाही.

त्या पहिल्या दुकानातील मुलाला आम्ही चाचांचे नाव सांगितले. पंधरा दिवसांनी चाचांकडे सहज डोकावलो तेव्हा तो तिथेच, स्टुलावर बसलेला होता. समोर एक शेगडी उघडी होती आणि चाचा त्याला म्हणत होते, "आधी एक पाय सोडव, मग माप." भिंतीवर खडूने लिहिले होते: तपासणी ५० रुपये. आमच्याकडून शंभर का घेतले, ते विचारायचे राहून गेले.